गॅस संपत नसतो, मालक!

प्रति,
दर उन्हाळ्यात घरोघरी ‘गॅस संपलाय’ सांगणाऱ्या एसी सर्व्हिस एजन्सीचे मालक यांस,

विषय : न मोजता घेतलेल्या पैशांचा हिशेब

मालक,

तुमच्या दुकानाचं नाव मी लिहीत नाही. अकोल्यापासून वसईपर्यंत तुमच्यासारखी दुकानं गल्लोगल्ली आहेत, आणि हे पत्र ज्याचं त्याला बरोबर पोचेल. मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवला. खांद्याला गेजची बॅग लावून तुमच्या बाइकवर फिरणाऱ्या पोरांपैकी काही माझी आहेत. वर्कशॉपमध्ये ती तांब्याची नळी कापायला, फ्लेअर काढायला, ब्रेझिंग करायला आणि लीकेज शोधायला शिकली होती. तुमच्याकडे आल्यावर पहिल्याच सीझनला तुम्ही त्यांना ते सगळं विसरायला लावलंत आणि दोन शब्द पाठ करून घेतलेत : ‘गॅस संपलाय.’

या दोन शब्दांवर तुमचा एप्रिल, मे आणि निम्मा जून चालतो. म्हणून आधी त्यांचाच निकाल लावू.

एसीतला गॅस संपत नसतो. तो जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन कमकुवत होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आउटडोअरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, बारीक वाटेतून सुटताना गार होतो, इनडोअरच्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता पिऊन पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परत येतो. बंद नळ्यांमधलं हे चक्र वर्षानुवर्षं तेवढ्याच गॅसवर चालतं. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, दुसरं कारण नाही. बहुतेकदा ती फ्लेअर नटपाशी सापडते, म्हणजे तुमच्याच माणसांनी बसवलेल्या जोडापाशी. कधी थरथरून एकमेकींवर घासणाऱ्या नळ्या झिजतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत कॉइल सडते. यातलं काहीही असो, गळती बंद केल्याशिवाय भरलेला गॅस त्याच वाटेनं निघून जाणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असूनच तुम्ही तो भरता, साधी पावतीही देत नाही, आणि निघताना पुढच्या उन्हाळ्यात फोन करायला सांगता.

तुमचं निदान कसं होतं, तेही लोकांना कळू द्या. पोरगा आउटडोअरच्या व्हॉल्व्हला गेज लावतो, काटा खाली आलेला दाखवतो, निदान संपलं. पण काटा खाली येण्याची कारणं अनेक आहेत. फिल्टर धुळीनं बुजला किंवा ब्लोअरच्या पात्यांवर मळाचा थर चढला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. कॉइल गारठते, तिच्यावर बर्फ धरतो आणि गॅस पुरेपूर असतानाही प्रेशर उतरतं. नळाखाली फिल्टर धुऊन जे काम झालं असतं, त्याचे तुम्ही गॅसचे पैसे घेतलेत. वरून ओतलेल्या जादा गॅसनं पुढे प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, बिल वाढतं आणि खोली आधीपेक्षा कमी गार होते. गिऱ्हाइकाचे पैसेही गेले आणि चांगलं यंत्र बिघडलं, दोन्ही एका भेटीत.

इन्व्हर्टर एसीत तर नुसत्या काट्यावर विसंबणं हा अडाणीपणाच आहे. त्याचा कॉम्प्रेसर खोलीच्या गरजेप्रमाणे वेग बदलतो आणि वेगाबरोबर प्रेशरही बदलतं. त्या क्षणी दिसलेल्या आकड्यावरून आत गॅस किती आहे हे सांगता येत नाही. भरवशाची रीत एकच : आतला गॅस रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, गळती शोधून बंद करायची, व्हॅक्यूम करायचं, आणि आउटडोअरच्या प्लेटवर लिहिलेला असतो तेवढा गॅस सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायचा. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे, तेही कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं. तुमच्या पोरांच्या बॅगेत वजनकाटा नाही. ती नळीला हात लावून बघतात आणि ‘झालं फुल’ म्हणतात. कोपऱ्यावरचा वाणी पावशेर साखरसुद्धा काट्यावर घालून देतो, मालक. हजारोंचा गॅस तुम्ही हाताच्या अंदाजानं विकता.

आता ही गळती कुठे जन्माला येते ते सांगतो. ती तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये जन्माला येते. एका दिवसात जमतील तेवढ्या घरांत एसी बसवायचे, हा तुमचा नियम. मग नळीची कड साफ करायला वेळ नसतो, फ्लेअर तिरका होतो, नट टॉर्क पान्याऐवजी ॲडजस्टेबल पान्यानं ताकदीच्या भरवशावर आवळला जातो. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर फ्लेअरला चीर जाते. त्यानंतर नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायची असते, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे असतात. तुमच्या दुकानात नायट्रोजनचा सिलिंडर मी कधी पाहिला नाही.

व्हॅक्यूम पंपाचीही तीच गत. तुमची माणसं एका बाजूचा व्हॉल्व्ह किंचित उघडतात, दुसरीकडचा नट सैल ठेवतात आणि आतल्या गॅसच्या जोरानं हवा बाहेर ढकलतात. दोन मिनिटांत काम होतं. पण त्यात नव्या कोऱ्या यंत्रातला गॅस पहिल्याच दिवशी हवेत जातो, आणि नळ्यांमधला ओलावा आतच राहतो. आर-३२ आणि आर-४१०एच्या यंत्रांमधलं तेल पाणी शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसर आतून खातं. म्हणून पंप लावून आतला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत खाली आणायचा असतो. बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, यावरून काय म्हणतो आहे ते कळेल. एवढ्या कमी दाबात पाणी घरातल्या तापमानालाच उकळून निघून जातं. साध्या गेजवर ही पातळी दिसत नाही, त्याला मायक्रॉन गेज लागतो. पंप बंद करून थोडं थांबायचं. आकडा भराभर चढला तर जोड गळतोय किंवा ओल शिल्लक आहे, हे तिथल्या तिथे समजतं. तुम्ही वाचवलेल्या त्या वेळाची किंमत गिऱ्हाईक काही वर्षांनी कॉम्प्रेसर बदलून चुकवतं. तोवर तुमची ‘फ्री इन्स्टॉलेशन’ची जाहिरात कुणाच्या लक्षात राहिलेली नसते.

विकतानाही तुम्ही मोजत नाही. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीबाहेर फेकण्याची क्षमता. कोणत्या खोलीला ती किती हवी हे भिंत कोणत्या दिशेला आहे, काच किती आहे, डोक्यावर तापणारा स्लॅब आहे की दुसऱ्याचं घर, खोलीत किती माणसं झोपतात, यावर ठरतं. तुमच्या काउंटरवर सगळ्यांना एकच उत्तर मिळतं : ‘दीड टन घ्या, टेन्शन नाही.’ ठाण्यात मधल्या मजल्यावरच्या, पूर्वेला एकच खिडकी असलेल्या लहानशा बेडरूमलाही दीड टन, आणि अकोल्यात शेवटच्या मजल्यावर, पश्चिमेला भिंत असलेल्या, दुप्पट मोठ्या खोलीलाही दीड टन.

ठाण्याच्या दमट हवेत एसीच्या कामाचा मोठा वाटा हवेतली वाफ काढण्याचा असतो. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली झटकन गार करून थांबतं, वाफ पुरती निघत नाही. घरातली माणसं गार पण चिकट खोलीत तळमळतात आणि रिमोट १८ वर नेतात. अकोल्यात याच्या उलट होतं. यंत्राची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा तेच यंत्र त्यापेक्षा कमी उष्णता फेकतं, दुपारभर पूर्ण वेगानं धावतं आणि तरी खोली गार होत नाही. मग ते कुटुंब तुम्हाला बोलावतं आणि तुमचा पोरगा जाऊन सांगतो, गॅस संपलाय. लहान यंत्र विकण्याची चूक तुमची, आणि तिचा दंडही तुम्हीच वसूल करता.

अकोला-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला कूलर एसीच्या कितीतरी कमी विजेत घर गार ठेवतो. हवा ओली झाली की त्याचं काही चालत नाही. स्लॅबला पांढरा रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली केली तर खोलीत शिरणारी उष्णताच कमी होते आणि लहान एसी पुरतो. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना हे माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण चुन्याच्या डब्यावर तुम्हाला कमिशन मिळत नाही.

ताऱ्यांचंही तसंच. बीईईच्या, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, लेबलवर नुसते तारे नसतात, वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडाही असतो, आणि तो १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. ज्या घरात एसी वर्षाला ८०० तास चालतो, त्यांनी तो निम्मा धरावा. तीन तारे आणि पाच तारे यांच्या युनिटमधला फरक काढावा, आपल्या बिलातल्या वरच्या स्लॅबच्या दरानं गुणावा, आणि जादा दिलेली किंमत किती वर्षांत वसूल होते ते पाहावं. रोज रात्रभर एसी लावणाऱ्या घराला पाच तारे परवडतात. वर्षाकाठी दोन महिने, तेही झोपण्यापुरता लावणाऱ्याला तीन तारे पुष्कळ होतात. हा पाचवी-सहावीचा गुणाकार आहे. एवढा गुणाकार तुम्ही एकाही गिऱ्हाइकाला काउंटरवर करून दाखवलेला नाही. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी २४ अंशांच्या डिफॉल्ट सेटिंगवर येतात. तापमान एक अंशानं वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं बीईई सांगतं. तुमचा माणूस मात्र ‘कूलिंग बघा कसं मस्त येतंय’ म्हणत रिमोट १६ वर ठेवून निघून जातो.

एएमसीचं काय सांगू? वर्षाच्या कराराचे पैसे आगाऊ घ्यायचे, आणि सर्व्हिस म्हणजे काय, तर फिल्टर बाथरूममध्ये धुऊन वरच्या पॅनलवर फडकं फिरवायचं. फिल्टर तर घरातलं शाळकरी पोरसुद्धा दर पंधरा दिवसांनी धुऊ शकतं, आणि धुवावाच. तुम्हाला पैसे मिळतात ते त्यापुढच्या कामाचे. पिशवी बांधून जेट पंपानं इनडोअरची कॉइल आणि ब्लोअर धुणं, ड्रेनची नळी साफ करून तिचा उतार तपासणं, आउटडोअरच्या कॉइलमधली धूळ आणि कबुतरांची घाण काढणं, कॅपॅसिटर आणि वायरचे जोड बघणं, अर्थिंग तपासणं, करंट मोजून लिहून ठेवणं. यातलं काय केलं याचा कागद तुम्ही मागे ठेवत नाही. ड्रेन तुंबून भिंत ओली होते, खालच्या घराच्या गॅलरीत पाणी टपकतं, शेजाऱ्यांत भांडणं होतात, आणि करार केलेला असूनही तुमचा फोन लागत नाही.

पण मालक, मला हे पत्र लिहायला भाग पाडलं ते दुसऱ्याच एका कारणानं. तुमची पोरं सातव्या-आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर छज्ज्यावर उभी राहून तीस-चाळीस किलोचा आउटडोअर ओढतात. कमरेला सेफ्टी बेल्ट नसतो. खिडकीतून दुसऱ्या पोरानं त्यांचा शर्ट धरलेला असतो. बेल्टची किंमत तुमच्या एका गॅस भरण्याच्या बिलाहून कमी आहे. तरी तुम्ही तो घेत नाही.

आर-३२ हा पेट घेऊ शकणारा गॅस आहे हे त्यांना कुणी सांगितलं आहे का? त्याचं प्रेशर जुन्या आर-२२च्या सुमारे १.६ पट असतं, आर-२२च्या काळातले गेज आणि जुने होज त्याला चालत नाहीत, हे सांगितलं आहे का? नळीत गॅस असताना ब्रेझिंगची ज्योत लावली तर विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो आणि तो आधी त्या पोराच्या छातीत जातो. प्रेशर टेस्टला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरला तर तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. वर्कशॉपच्या भिंतीवर हे सगळं मोठ्या अक्षरांत लावलेलं असतं. तुमच्या दुकानाच्या भिंतीवर ऑफरचे बोर्ड आहेत. माझ्याकडून शिकून गेलेला पोरगा तुमच्या घाईपायी खाली पडावा किंवा भाजावा, हे मी गप्प बसून बघणार नाही.

आणि हवेत सोडलेल्या गॅसचं काय होतं तेही ऐका. शंभर वर्षांच्या हिशेबानं एक किलो आर-४१०ए हवेत गेला की तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. आर-२२चा आकडा १,८१० आहे, आणि तो ओझोनलाही खातो. आर-३२ बरा, तरी ६७५. ओझोनसाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, तापमानवाढीसाठी २०१६ साली त्यात किगालीची दुरुस्ती झाली, आणि २०२१ साली भारतानं ती मान्य केली. २०१९च्या राष्ट्रीय कूलिंग आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं, कारण दिल्लीत कितीही करार झाले तरी गॅस सुटतो तो तुमच्या पोराच्या हातातल्या पान्याखालून, हे आराखडा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. वाढत्या उन्हाळ्यातून सुटका विकणारे तुम्ही, तोच उन्हाळा वाढवण्याला हातभार लावता.

तुमची बाजू मला माहीत आहे. सीझन तीन महिन्यांचा. कंपन्या इन्स्टॉलेशनचे पैसे फार थोडे देतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि शेजारचा दोनशे रुपये कमी सांगतो. हे सगळं खरं आहे. पण व्हॅक्यूम पंप, वजनकाटा, नायट्रोजन आणि बेल्ट यांचा खर्च धरून योग्य मजुरी सांगायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? ती तुम्ही उघडपणे सांगितली नाहीत. स्वस्त मजुरीची पाटी लावलीत आणि उरलेले पैसे गॅसच्या नावाखाली वसूल केलेत. तुमच्याच गावात नीट काम करणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे वजनकाटाही आहे आणि पंपही. तुमच्या दरांपुढे त्यांचा धंदा बसतो, हा तुमचा सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

म्हणून हे पत्र तुमच्याइतकंच तुमच्या गिऱ्हाइकांसाठीही आहे. यापुढे त्यांनी तुमच्या माणसाला दारातच विचारावं : गळती कुठे सापडली, बुडबुडा दाखव. गॅस कोणता, प्लेटवर किती ग्रॅम लिहिलाय, काट्यावर किती भरलास? जुना गॅस कुठे काढलास? व्हॅक्यूम कितीपर्यंत गेलं आणि पंप बंद केल्यावर टिकलं का? आणि आउटडोअरसाठी बाहेर उतरायचं असेल तर आधी बेल्ट दाखव. उत्तरं बिलावर लिहून मिळाली तर ठरलेले पैसे खुशीनं द्यावेत, मजुरी वाढवून मागितली तरी द्यावी. उत्तरं मिळाली नाहीत तर चहा पाजून परत पाठवावं.

आणि तुमच्यासाठी एकच मागणी. येत्या सीझनच्या आधी प्रत्येक पोराच्या बॅगेत वजनकाटा, मायक्रॉन गेज आणि कमरेला बेल्ट द्या. ज्यांना रीत येत नाही त्यांना माझ्याकडे पाठवा, मी फी न घेता पुन्हा शिकवीन. ज्यांना येते, त्यांना ती वापरू द्या. हे जमणार नसेल तर एसीचं दुकान बंद करा. तुम्ही हात लावला नाहीत तर लोकांचं नुकसान कमीच होईल.

कळावे,

तुमच्याकडे कामाला असलेल्या पोरांचा मास्तर